हॉलच्या दोन जाळ्यांविषयी ताईस

सागरछाया, अंधेरी पश्चिम
रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय कल्पिताताई,

तुला आणि भावोजींना निमेशचा नमस्कार. गणपतीनंतर मी तुला एक अक्षर लिहिलेलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. सोबत एखादं कारण जोडावं असं वाटलं होतं, पण जी सुचली ती तपासल्यावर टिकली नाहीत (ऑफिसात काम फार होतं हे खरं, पण त्याच दिवसांत मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर कॅरम खेळत होतो हेही खरं), म्हणून नुसती माफी पाठवतोय. भावोजींची शुगर कशी आहे? तुझी कंबर? बोटीचं इंजिन पुन्हा धूर काढतंय असं दादा म्हणत होता, ते एव्हाना दुरुस्त झालं असेल असं धरतो. आता तू म्हणशील, आमच्या करंजाला फोन लागत नाही का याचा. लागतो. पण जे सांगायचं आहे ते फोनवर सांगता येत नाही, कारण आमच्या घरात कुठेही उभं राहून बोललं तरी आई दोन हातांवर असते, आणि तिचे गुडघे गेले असले तरी कान शाबूत आहेत. पत्र वाचून भावोजींना द्यायला हरकत नाही. आईशी बोलताना मात्र यातलं काही तोंडातून निसटू देऊ नकोस. का, ते पुढे येईल. मी सगळं क्रमाने सांगणार आहे, कारण क्रम सुटला की माझाच माझ्यावर विश्वास राहत नाही.

सुरुवात तुला माहीतच आहे. वेसाव्याच्या घराचा तो लोखंडी जिना, गेल्या पावसाळ्यात आईचं त्यावरून घसरणं, आणि नंतर तू मला दिलेली तंबी: "निम्या, या वेळी आये तुझ्याकडेच राहिली पाहिजे. परत त्या जिन्यावर चढली तर तुझ्याशी बोलणार नाही." दिवाळीनंतर ती आली. येतानाच तिने अट सांगितली की शिमग्यापर्यंत बघते, करमलं तर राहते, नाहीतर होळीला तुळशीदास न्यायला येईल. (दादाने मान डोलावली. मी तिला ठेवून घेणार म्हणालो तेव्हाही त्याने मान डोलावली होती.) आमच्याकडे तिला तसं काही कमी नव्हतं. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, मृणालिनी तिच्याशी माझ्यापेक्षा गोड बोलते. पण पहिल्याच आठवड्यात आई हॉलच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसली, बराच वेळ बाहेर बघत राहिली आणि म्हणाली, "धुकं लय हाय रे तुमच्याकडं." भर दुपार होती. ते धुकं नव्हतं, ती आमची डासांची जाळी होती.

त्या जाळीबद्दल बोलताना मी शक्यतो अतिशयोक्ती टाळतो. समोरची जुनी इमारत पाडून नवी बांधतायत, खालचा रस्ता नीट झाला की लगेच पुन्हा खणतात, आमच्या स्वयंपाकघरातल्या तळणाचा धूर हॉलमार्गे बाहेर जातो, आणि कबुतरं आपापला हातभार लावतात. हे सगळं त्या जाळीने इमानेइतबारे अडवून धरलं होतं. डास तेवढे अडवले नव्हते, कारण ते दारातून येतात. आमच्या खिडकीतून दोन टॉवरच्या फटीत समुद्राची एक पट्टी दिसते (आमच्या सोसायटीचं नाव त्या पट्टीच्या भरवशावर ठेवलेलं आहे, आणि फ्लॅट दाखवताना एजंटने मला नेमकं तिच्यासमोर उभं केलं होतं), ती पट्टी किती महिने दिसत नव्हती हे आठवेना. वाईट याचं वाटलं की दिसत नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईने उठून जाळीला हात लावला, बोटं काळी झाली ती पदराला न पुसता माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "खिडकीला जाळं लावून काय धरतोस रे तू?" मग दोन बोटांत जाळीची वीण चाचपून, सराईतपणे, "बारीक हाय पण. याच्यातून जवळा पण निसटायचा नाय." मी तेव्हा हसलो होतो. मृणालिनीने पंखा वाढवला तर आई म्हणाली, "पंखा वारा नाय देत गं, घरातलीच हवा फिरवतो." आणि मग माझ्याकडे वळून, "सगळं हाय तुझ्याकडं. फक्त वारा नाय, आन्..." पुढे ती आणखी काहीतरी म्हणाली, पण मी तोवर मोबाइलवर जाळी कशाने धुवावी हे शोधायला लागलो होतो.

इथे कोणीही विचारेल की बाबा रे, उठून धुवायची ना. मृणालिनीने विचारलंच. पण तुझा भाऊ बी.एस्सी. आहे, तेही केमिस्ट्री घेऊन, आणि वीस-बावीस वर्षांत त्या पदवीचा घरच्यांना एकदाही उपयोग झालेला नाही. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यासाठी कुठलंही रसायन लागत नाही, लागतो तो संशय. तो मी ऑफिसात पगारावर करतो आणि घरी फुकट. तेव्हा मी असं ठरवलं की आईचं राहणं जर या जाळीवर अवलंबून असेल, तर ही जाळी शास्त्रशुद्धच धुतली गेली पाहिजे. (त्या दिवशीच्या डायरीत मी 'आळस' असं लिहिलं होतं, ते दुसऱ्या दिवशी खोडून 'पूर्वतयारी' केलं. दोन्ही शब्द आता वाचता येत नाहीत.)

पहिला प्रश्न, जाळी कशाची आहे. काही जाळ्या ॲल्युमिनियमच्या असतात, काही नायलॉनच्या, काही फायबरग्लासच्या, आणि एकीला जे मानवतं ते दुसरीला चालत नाही. ज्याने बसवली त्याला फोन केला, तो म्हणाला, "सर, चांगलीवाली आहे." म्हणून मी कोपऱ्यात आगपेटीची काडी लावून पाहिली. वितळली तर नायलॉन, असा हिशोब. ती वितळली, आणि तिथे एक भोक पडलं. हा प्रयोग आईने बघितला नव्हता, पण भोक बघितलं. तिने काही न विचारता पिशवीतून निळा दोरा काढून ते गाठी मारत विणून टाकलं. घरात एवढं एकच काम पक्कं झालेलं आहे.

दुसरा प्रश्न मी सोसायटीच्या ग्रुपवर विचारला, आणि ताई, हे मी करायला नको होतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे (कुणीच तयार नव्हतं म्हणून झालो, मीही नव्हतो, पण नाही म्हणण्याआधी मी विचार करायला वेळ मागितला). सेक्रेटरीने विचारलं म्हणजे सोसायटीत जाळ्या धुण्याची सक्ती येतेय असा समज होऊन आधी निषेध झाला, आणि मग उपाय सुरू झाले. कुणी शाम्पू सांगितला, कुणी रॉकेल, कुणी टूथपेस्ट. कुणी व्हिनेगरमध्ये ब्लीच घालायला सांगितलं, त्यातून विषारी वायू निघतो, ते मी घाईघाईने थांबवलं तर त्यांनी विचारलं, तुम्ही करून बघितलंय का. आमच्या अध्यक्षांच्या, देवव्रत सरांच्या, पत्नी स्वरदाताई ग्रुपवरच्या आरोग्यमंत्री आहेत. सरांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं तेव्हापासून त्यांच्या घरात जे काही शिजतं ते उकडलेलं, आणि त्याचा फोटो रोज सकाळी आम्हा सर्वांना येतो. त्यांनी लिहिलं की व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करा, फेस येतो, त्या फेसात सगळा मळ निघून जातो. आता एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात, फेस उडून जातो आणि मागे उरतं जरासं खारट पाणी. हे मी नम्रपणे, समीकरणासह लिहिलं. बारा जणांनी अंगठे दाखवले, स्वरदाताईंच्या मेसेजला. मला एकाने लिहिलं, "सर, तुम्ही नेहमी निगेटिव्ह का असता?" त्या रात्री मी स्वतःला हाच प्रश्न विचारत बसलो आणि जाळी तशीच राहिली.

मग मी चाचणी घ्यायची ठरवली. हॉलची डावी जाळी खडूने चौकोन पाडून वाटून घेतली. एका चौकोनाला भांड्यांचं लिक्विड कोमट पाण्यात, एकाला नुसतं व्हिनेगर, एकाला सोड्याची पेस्ट, एकाला स्वरदाताईंचा फेस (पूर्वग्रह नको म्हणून), एकाला कपड्यांची पावडर. सेलोटेपवर नावं लिहून चिकटवली. महिन्याभराने ती जाळी जिल्ह्याजिल्ह्यांच्या नकाशासारखी दिसायला लागली. आई रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसायची आणि उजळलेल्या एका चौकोनातून एक डोळा मिटून समुद्र बघायची. मी विचारलं, दिसतो का, तर म्हणाली, "दिसतो ना. पालिकेच्या पाण्यासारखा, येतो नि जातो." मृणालिनी म्हणाली, "निमेश, तू जाळीची मुलाखत घेतोयस. पाणी घाल तिच्यावर." मी म्हटलं, घाई करून चालणार नाही, निष्कर्ष निघायचाय. ती म्हणाली, "शिमग्याला आई निघतील तुझ्या."

त्याच्या आतच अपघात झाला. कपड्यांच्या पावडरीच्या डब्याशेजारी तुंबलेला नळ मोकळा करायची पावडर होती, आणि मी चष्मा न लावता हात घातला. ती कॉस्टिक सोड्याची असते. नायलॉनला तिने फारसं काही केलं नाही, पण जाळीची चौकट ॲल्युमिनियमची होती, आणि तिच्यावर ते पाणी ओघळताच कडेने बुडबुडे यायला लागले. एवढ्या वर्षांनी मला एखादी रासायनिक अभिक्रिया प्रत्यक्ष ओळखता आली, या आनंदात मी काही क्षण नुसता बघत राहिलो. मृणालिनीने नळी आणून मारली तेव्हा चौकट वाचली. कोपऱ्याला तेवढी खरूज झाल्यासारखी दिसते.

आता निष्कर्ष सांगतो, कारण तो मला सर्वांत जास्त लागलाय. सगळ्यात चांगला निघालेला चौकोन भांड्यांच्या लिक्विडचा होता. पण मला शंका आली की हा गुण लिक्विडचा, की ब्रशने घासण्याचा? म्हणून एका चौकोनाला मी नुसतं पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश लावला. तोही तेवढाच स्वच्छ निघाला. तळणाचा चिकटपणा होता तिथे लिक्विडचा थेंब लागला, बाकी सगळीकडे पाणी आणि हात. म्हणजे नोव्हेंबरपासून जानेवारी संपेपर्यंत चाललेल्या संशोधनाचं फलित पाणी असं निघालं. मी हे ग्रुपवर कळवलं नाही. कुणी विश्वास ठेवला नसता, आणि ठेवला असता तर तेही सहन झालं नसतं.

गेल्या रविवारी मी हॉलच्या दोन्ही जाळ्या उतरवल्या, बाथरूममध्ये धुतल्या, आणि वाळायला गच्चीवर नेऊन चार चार विटांवर आडव्या ठेवल्या. खालून वारा लागावा म्हणून विटा. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढे त्या विटांनी घात केला. जाळ्या काढल्यावर खिडकी उघडीच राहिली, आणि संध्याकाळी तिच्यातून असा वारा आला की मृणालिनीची कॅलेंडरं उडाली. आई खुर्चीत बसली होती. समुद्राची पट्टी लख्ख दिसत होती आणि तिच्यात एक ट्रॉलर चालला होता. आईने त्याच्याकडे बघत डोक्यावरचा पदर मागे सरकू दिला. मग म्हणाली, "जाळीत डास अडकत नव्हते रे, वाराच अडकत होता." जाळ्या अजून ओल्या आहेत, उद्या बसवतो, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गच्चीची चावी मागितली, ऊन खायचंय म्हणून. चावी सेक्रेटरीकडे असते. मी दिली आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी जाळ्या आणायला वर गेलो तर ताई, आपली आई पालथ्या बादलीवर बसली होती, डोक्याला ओला नॅपकिन, हातात मृणालिनीच्या झाडूचा दांडा, आणि वरच्या कावळ्यांना ती जे ऐकवत होती ते मी इथे लिहीत नाही. माझ्या दोन्ही जाळ्यांवर, निळ्या गाठींच्या त्या कोपऱ्यासकट, गुलाबी जवळा पसरलेला होता. एकसारखा, पातळ, हाताने झाडून घेतलेला. फडक्यात बांधलेला वेगळा होता. सकाळीच फोन करून तिने वेसाव्याहून रिक्षाने मागवला होता, आणि तो आमच्या लिफ्टने वर आला होता. मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, आई, या खिडकीच्या जाळ्या आहेत. तेवढ्यात ती म्हणाली, "पोरा, मना वाटलं नव्हतं तुझ्या ध्यानात राहील म्हणून."

काय ध्यानात राहील? मग कळलं. त्या पहिल्या आठवड्यात, 'वारा नाय, आन्'च्या पुढे ती जे बोलली होती आणि मी मोबाइलमध्ये होतो, ते हे: "आन् वाळत घालायला जागा नाय." आई धरून बसली होती की मी ते ऐकलं. तीन महिने खपून मी घासली, तपासली, विटांवर चढवून वारा लागेल अशी मांडली ती सगळी तयारी तिच्या सुकटीसाठी. "खालून पण हवा लागते," ती विटांकडे दाखवून म्हणाली, "हे तू बराबर केलंस. तुझ्या बापाला पण नसतं सुचलं." लिफ्टमध्ये तिने चौथ्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलंय की माझ्या लेकाने मला वाळवणाची जाळी करून दिली. एवढी उजळलेली मी तिला ती जिन्यावरून घसरायच्या आधी पाहिली होती. ताई, मी तोंड बंद केलं. मी म्हणालो, "वारा बरोबर लागतोय ना?" ती म्हणाली, "झकास."

त्यानंतर मी रोज विचार करतो की हे खोटं आहे का. मी काही बोललो नाही, म्हणजे खोटं बोललो नाही, हा वकिली मुद्दा मी स्वतःच्या ऑफिसात रोज फेटाळतो. पण आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तू म्हणालीस तेव्हा मी ऐकलं नव्हतं? आणि दुसरीकडे शिमगा. मंगळवारी जेवताना आई सहज म्हणाली, "होळीला काय जायचं आता, अजून बोंबील यायचेत." मृणालिनीने माझ्याकडे बघितलं, मी आमटीकडे. रात्री डासांनी आम्हाला फोडून काढलं. हॉलच्या खिडक्या उघड्या, आणि एरवी दिवसभर बंद असणारी दारंसुद्धा आता गच्चीच्या फेऱ्यांनी उघडी. आई मात्र अंगभर चादर घेऊन घोरत असते, डास तिच्या वाटेला जात नाहीत. मी मृणालिनीला म्हटलं, नव्या जाळ्या बसवून घेऊ. ती म्हणाली, "आणि त्या दिसल्यावर आईंना काय सांगशील? जुन्या कशासाठी धुतल्यास?" मग अंधारात खाजवत, "आई राहतायत ना? मग खाज."

यापुढचा भाग सोसायटीचा. गच्चीच्या दारावर माझ्याच सहीची पाटी आहे: 'गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, लोणच्याच्या फोडी, मिरच्या व गाद्या वाळत घालू नयेत.' मी ती पुन्हा वाचली, तीनदा वाचली. जवळ्याचं नाव तिच्यात नाही. (मसुदा करताना मासळीचा विषय निघाला नव्हता, कारण अंधेरीत टॉवरच्या गच्चीवर कुणी सुकट घालील हे कुणाच्या कल्पनेत नव्हतं. माझ्याही नव्हतं, हे लिहिताना मला जरा विचित्र वाटलं.) पण पाटीत नसलं तरी हवेत होतं. बुधवारपर्यंत मांजरं जिन्यात मुक्कामाला आली, आणि लिफ्टमध्ये देवव्रत सर भेटले. सर रंगांच्या कंपनीतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं आणि सरकारी.

"सेक्रेटरी, गच्चीवरून वास येतोय."

"हो, येतोय."

"कशाचा?"

"जाळ्या धुतल्यात. त्यांच्यावर एक पदार्थ उन्हात ठेवलाय."

"कसला पदार्थ?"

"समुद्रातला."

"म्हणजे नैसर्गिक?"

"पूर्णपणे."

"किती दिवस ठेवावा लागतो?"

"वाळेपर्यंत."

"आणि फरक पडतो?"

"घरात वारा यायला लागला, सर."

सरांनी डोळे मिटून एक खोल श्वास घेतला. मला वाटलं, रागावर ताबा ठेवतायत. त्यांचा मजला आला तसे ते उतरले. रात्री ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: 'सेक्रेटरींनी जाळ्यांच्या स्वच्छतेसाठी सागरी, नैसर्गिक द्रावणाचा स्तुत्य प्रयोग हाती घेतला आहे. वासाबद्दल सभासदांनी सहकार्य करावे.' स्वरदाताईंनी खाली विचारलं, प्रमाण काय घ्यायचं? एकाने लिहिलं, समुद्रातलं म्हणजे शेवाळ असणार, परदेशात हल्ली सगळे तेच वापरतात. ज्याने मला निगेटिव्ह म्हटलं होतं त्याने हात जोडलेले पाठवले. पाणी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं; न सांगितलेलं द्रावण मात्र अख्ख्या सोसायटीला हवंय. आणि मी, ताई, लिफ्टमधलं संभाषण कागदावर लिहून काढून ओळ ओळ तपासलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळं मिळून मात्र खोटं होतं. ऑफिसात असा दावा आला तर मी तो फेटाळीन आणि पाठवणाऱ्याची चौकशी लावीन.

मला अध्यक्षांना खरं सांगायला हवं. सांगितलं तर गच्ची बंद होईल. गच्ची बंद झाली तर आई त्या बादलीवरून उठून थेट वेसाव्याच्या जिन्यावर जाऊन बसेल, आणि तू माझ्याशी बोलणं सोडशील. न सांगितलं तर मी एका सज्जन माणसाला फसवतोय. बुधवारपासून मी सरांना टाळतोय, लिफ्टऐवजी जिने चढतोय, त्यामुळे आता माझेही गुडघे दुखतात. काय करावं ते कळव. तुझं असं करून बघ, तसं करून बघ हे नको, एकच काहीतरी सांग.

मुलांना आशीर्वाद. भावोजींनी गोड कमी खावं, हे माझ्याकडून सांगू नकोस, त्यांना राग येतो.

तुझा धाकटा भाऊ,
निमेश

ता. क. एवढं लांबलचक लिहिण्याचं खरं कारण लिहायचं राहूनच गेलं. तुझ्या लग्नातली ती मोठी निळी मच्छरदाणी, चार दोऱ्यांनी बांधायची, अजून माळ्यावर आहे का? असली तर पाठव. भावोजी ससून डॉकला येतील तेव्हा त्यांच्याकडे दिलीस तरी मी जाऊन घेईन. मृणालिनीच्या हाताला आता नव्या डासाला चावायला जागा उरलेली नाही. मच्छरदाणी धुऊन पाठवू नकोस, आणि कशाने धुवावी हेही कळवू नकोस. आणि काहीही झालं तरी ती आईच्या नजरेस पडता कामा नये. मी ती बेडरूममध्ये दार लावून बांधीन. तिची वीण जाळीपेक्षाही बारीक आहे, हे तिला एकदा कळलं की ती पण गच्चीवर जाईल.

ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात देवव्रत सर, काखेत त्यांच्या घरच्या दोन मळलेल्या जाळ्या. म्हणाले, तुमच्या द्रावणासाठी. मी मनातल्या मनात शब्द जुळवले आणि सगळं खरं सांगायला सुरुवात केली: "सर, ते द्रावण म्हणजे..." त्यांनी हात वर केला. मग जाळ्यांच्या मागून एक स्टीलचा डबा काढला, घासून लख्ख, रिकामा. आवाज खाली आणून म्हणाले, "निमेश, मी कारवारचा आहे. लिफ्टमध्येच कळलं. स्वरदाला ते द्रावण म्हणूनच ठाऊक आहे, तसंच राहू दे. झाकण घट्ट आहे, वास बाहेर येत नाही." जाता जाता वळले, "वाळवलेले सोडे असले तर तेही बघा." म्हणजे चार दिवस मी ज्याला फसवतोय म्हणून जिने चढत होतो, तो माणूस मला सामील होता. माझी टोचणी संपली असं मात्र नाही, कारण आता स्वरदाताईंना फसवण्यात आम्ही दोघे आहोत आणि कोलेस्टेरॉल सरांचं आहे. तूर्त डबा मी आईकडे दिला. तिने सरांच्या जाळ्यांवरून बोट फिरवलं, काळं बोट मला दाखवलं आणि म्हणाली, "या पण धुवून दे." धुतल्या. पाण्याने.

ता. क. आता तुला कळवायची उरली ती एकच गोष्ट. आत्ता आईने मला दादाला फोन लावायला लावला आणि स्पीकरवर त्याला सांगितलं, "तुळशीदास, शिमग्याला मना न्यायला येऊ नको. तसा यायचा तर ये, पण येताना वलांडीचे बांबू घेऊन ये. सात-आठ आण, लांब बघून." मृणालिनीने हळूच विचारलं, वलांडी म्हणजे काय. मी म्हटलं, बांबू उभे आडवे बांधून केलेला मांडव, त्याच्यावर बोंबील टांगतात. तिने छताकडे बघितलं. दादा पलीकडून नुसता हं म्हणाला. दिसलं नाही, पण त्याने मान डोलावली असणार.

उद्याचं काम: गच्चीच्या पाटीवर बांबूविषयी काही लिहिलंय का, ते बघणे.